पेटीतला ओळंबा

"दाजी, मोटार गेली. निस्ता दोर ऱ्हायलाय लटकत."

मेव्हण्याचा हा फोन २०२३ ची दिवाळी उरकली त्या आठवड्यातला, पहाटे सहाचा. पाच एचपीची मोटार, दोन एकर हळद ऐन पाण्यावर, आणि एकाच वर्षातली ही दुसरी चोरी. माझं वसमतला मोटार वायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं सासरवाडीत माझी सगळी इभ्रत मोटारींवर टांगलेली. जळाली की दाजी, जाम झाली की दाजी, आणि आता चोरीला गेली तरी दाजीच. मामा, म्हणजे सासरे, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही ते मोबाइलवर मेसेज यायचं कायतरी बसवता म्हणे. मोटार हलली की कळावं, एवढं जमतंय का बघा."

जमतंय का बघा. या तीन शब्दांनी माझं वर्ष खाल्लं. त्यातला सेन्सर शिकायला महिना पुरला. उरलेला सगळा वेळ सेन्सर ज्या पेटीत ठेवायचा ती पेटी शिकण्यात गेला.

तर सुरुवात साधी होती. हलणं आणि कलणं ओळखायचं, एवढंच काम. त्यासाठी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे बॉल स्विच. बोटाच्या पेराएवढी धातूची नळी, आत दोन छोट्या गोळ्या. नळी उभी असली की गोळ्या खाली बसून दोन टोकं जोडतात, आडवी झाली की सुटतात. मी तो स्टार्टरच्या पेटीत आतल्या बाजूनं चिकटवला, सिमकार्डवाल्या मॉड्यूलला जोडला आणि आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, जेवून निवांत वसमतला आलो. त्या आठवड्यात रात्रीची लाइट होती. साडेदहाला लाइट आली, ऑटोनं, म्हणजे लाइट येताच मोटार चालू करणाऱ्या स्विचनं, मोटार उचलली आणि माझा फोन वाजायला लागला. मोटार हलली. मोटार हलली. मोटार हलली. पेटी थरथरत होती आणि आत गोळ्या चिंचोक्यासारख्या खुळखुळत होत्या. सिमला दिवसाचे शंभर मेसेज फुकट होते, ते रात्री एकच्या आत संपले. मग शांतता. चोरानं एकनंतर यायला हरकत नव्हती.

मंडळी म्हणाली, "तुमचं यंत्र लई इमानदार हाय, मोटार चालू असल्याचंबी सांगतंय."

मग चिपकडं वळलो. एमपीयू ६०५० नावाची चिप असलेला छोटा बोर्ड दीड-दोनशे रुपयांत मिळतो. चिप स्वतः चार मिलिमीटर लांब, चार मिलिमीटर रुंद, ज्वारीच्या दाण्याएवढीच म्हणा. पण आत जे आहे ते गवंड्याच्या ओळंब्याचं नातवंड. सिलिकॉनचा एक बारीक ठोकळा सिलिकॉनच्याच पातळ पट्ट्यांवर तोललेला असतो. चिप कलली की तो वजनानं किंचित सरकतो, त्याची आणि शेजारच्या पट्ट्यांमधली फट बदलते, फट बदलली की विजेची धारकता, म्हणजे वीज साठवायची कुवत, बदलते आणि ती मोजली जाते. असं तीन दिशांना. तिन्ही आकडे मिळाले की खाली कुठं आहे ते कळतं, आणि खाली कुठं ते कळलं की आपण किती कललो ते कळतं. एक अंश कल म्हणजे साधारण सतरा मिली-जी, पृथ्वीच्या ओढीच्या हजार भागांतले सतरा. शिवाय याच चिपमध्ये फिरण्याचा वेग सांगणारा जायरोही असतो.

दुकानात येणारी पोरं हमखास विचारतात, लोखंडाच्या डब्यात हे चालतं का? ओळंबा पितळी पिंपात लटकवा नाहीतर लोखंडी तिजोरीत, दोरी खालीच ताणणार. पृथ्वीच्या ओढीला पत्रा आडवा येत नाही. जायरोलाही पत्र्याचं काही देणंघेणं नाही. म्हणजे मोजण्याचं काम चालतं. अडतं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं.

पहिलं अडलं ते सांगण्याचं. टेबलावर दार उघडं ठेवून सगळं झकास चालत होतं. पेटी सोळा गेजच्या पत्र्याची, दार लावून स्क्रू पिळले आणि मेसेज बंद. मॉड्यूल सिग्नलचा आकडा देतं, शून्य ते एकतीस. दार उघडं असताना सतरा, बंद केल्यावर पाच. बारा पायऱ्यांचा फरक, एक पायरी दोन डेसिबलची, म्हणजे चोवीस डेसिबल. सरळ हिशेबात सिग्नल अडीचशेपट बारीक झाला. मायकेल फॅरडेनं १८३६ मध्ये धातूनं मढवलेली खोली बांधून दाखवलं होतं की बाहेरून कितीही विजेचा मारा करा, आत काही पोचत नाही. मी ते आयटीआयला परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मोबाइलच्या लहरी धातूत काही मायक्रॉनच्या पलीकडं शिरत नाहीत, आणि आपला पत्रा दीड मिलिमीटरचा. तरी पाच आकडा कसा आला? दाराच्या फटीतून. घरी करून बघा, पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात फोन ठेवून झाकण लावा आणि रिंग द्या. बऱ्याचदा वाजतो. डबा अडवत असतो, झाकणाची फट फितूर असते. म्हणून टेबलावर चाललं म्हणजे शेतात चालेल असं धरू नये. टेबलावर फट होती.

उपाय म्हणजे अँटेना बाहेर. इथं मात्र लोखंडानं मला पहिल्यांदा मदत केली. पाव लहरीची, म्हणजे लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढी, उभी अँटेना, ९०० मेगाहर्ट्झला आठेक सेंटिमीटर, ही पत्र्याच्या मधोमध उभी केली की तो पत्रा तिचा उरलेला अर्धा भाग होतो. प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा इथं ती चांगली चालते. अडचण एवढीच की पेटीवर शिंग दिसलं की चोर आधी तेच मोडणार. मी ती पेटीच्या बुडाला उलटी लावली आणि वरून नळकामातली सव्वा इंची पीव्हीसीची एंड कॅप चढवली. पीव्हीसीतून लहरी आरपार जातात. बघणाऱ्याला वाटतं पाइप बंद केलाय. आणि सिम घेताना टू-जी चालतंय का ते बघून घ्या, माझं मॉड्यूल टू-जीचं आहे आणि जिओला टू-जी नाहीच. यात माझा एक दिवस फुकट गेला.

मग मला हुशारी सुचली. पेटीचं दार उघडलं तरी कळायला पाहिजे. चोर आधी दार उघडून मेन स्विच पाडतो. दाराला सेन्सर लावला, दार उघडलं, आकडा जागचा हलेना. परत उघडलं. काही नाही. चिप खराब समजून दुसरी लावली, तीपण मुकी. अर्धा दिवस वायरी तपासल्यावर डोक्यात उजेड पडला. दाराच्या बिजागऱ्या उभ्या आहेत. दार उभ्या आसाभोवती फिरतं, त्यात खाली कुठं आहे ते बदलतच नाही. ओळंबा हातात धरून तुम्ही स्वतःभोवती गिरकी घ्या, दोरी तशीच सरळ. ओळंब्याला गिरकी कळत नाही, कल कळतो. हे इतकं साधं आहे की सांगताना लाज वाटते. जायरोला ती गिरकी कळते, पण तो सतत चालू ठेवला तर बॅटरी खातो, आणि दार अगदी सावकाश उघडलं तर त्याच्या स्वतःच्या चुकीतच ती हालचाल बुडून जाते.

एका व्हिडिओत सांगितलं होतं की होकायंत्राची चिप लावा, दिशा बदलली की कळेल. लावली. पेटीत आमची उत्तर दिशा काँटॅक्टरकडं, म्हणजे मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचकडं होती. मोटार चालू केली की उत्तर नाचायला लागायची. हिशेब मांडला तेव्हा कळलं की यात चिपचा काही दोष नाही. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकत्व चाळीस-पंचेचाळीस मायक्रोटेस्लाच्या आसपास. एका वायरमधून दहा अँपिअर गेले तर दहा सेंटिमीटरवर तिचं स्वतःचं चुंबकत्व वीस मायक्रोटेस्ला होतं, म्हणजे पृथ्वीच्या निम्मं. वरून पेटीचं लोखंड. त्यात काही चुंबकत्व कायमचं मुरलेलं असतं, ते चिपला एका बाजूला ओढतं. आणि बाकीचं लोखंड पृथ्वीच्या रेषा आपल्या अंगातून वळवून घेतं, पाट फोडून पाणी आपल्या रानात घेतात तसं. पेटी स्थिर असेल तर गणितानं यातलं काही कापता येतं. पण दार लोखंडाचं आणि फिरणारं तेच. होकायंत्र काढून पोराला खेळायला दिलं.

नंतर रीड स्विच, चुंबक जवळ आलं की जुळणारा. चुंबक दाराच्या पत्र्याला थेट चिकटवलं तर त्याची ताकद पत्र्यातूनच फिरून परत जाते, स्विचपर्यंत अर्धीमुर्धी पोचते. चुंबकाखाली ॲल्युमिनियमचा तुकडा घातला तेव्हा जुळलं. तेही पुढं काढलं. आता तिथं वीस रुपयांचा लिमिट स्विच आहे, पिठाच्या गिरणीच्या दाराला असतो तसला. दीड महिना फिरून मी गिरणीवर आलो.

खरी मजा थरथरीत आहे. चिपला सेकंदाला दहा वेळा विचारत होतो, किती कललीस? रात्री मोटार चालू असताना नोंदी बघितल्या तर पेटी सेकंदाला दोनदा मागंपुढं झुलत होती. झोपाळ्यासारखी, एका लयीत. मी आखाड्यावर जाऊन बॅटरीच्या उजेडात पेटीकडं पंधरा मिनिटं बघत उभा. पेटी झुलत नव्हती. हात लावला, नुसती बारीक कंपनं. सालगड्याला वाटलं मला काहीतरी बाधा झाली.

त्याचं असं झालं होतं. मोटार दोन पोलची, मिनिटाला २८८० फेरे, म्हणजे सेकंदाला ४८. पाइपातून आणि अँगलमधून ती ४८ ची कंपनं पेटीत येतात. मी बघतो सेकंदाला दहाच वेळा. दोन नजरांच्या मधे मोटार चार फेरे पुरे करून पाचवा जवळजवळ पुरा करत आणते, जरासा राहतो. पुढच्या नजरेला आणखी जरासा. तो राहिलेला भाग साठत जाऊन सेकंदाला दोन झोके दिसतात. जुन्या चोकवाल्या ट्यूबच्या उजेडात पंखा उलटा फिरताना दिसतो ना, अगदी तेच. नजर चुकीची नाही, नजरेची वेळ चुकीची. आणि हे झोके खरे की खोटे ते नंतर नोंदीवरून ओळखता येत नाही. खोटं एकदा नोंदीत शिरलं की ते खऱ्यासारखंच दिसतं. ते आत शिरायच्या आधी गाळावं लागतं. चिपच्या आतच गाळणी आहे, ती पाच हर्ट्झवर लावली, म्हणजे सेकंदाला पाचपेक्षा जलद जे हलतं ते बाहेरच्या बाहेर बारीक होतं. झोपाळा थांबला.

तरी काँटॅक्टर बसताना खट्ट व्हायचंच. त्याला गाळणी पुरत नव्हती, कारण मी सेन्सर चुकीच्या जागी बसवला होता. हे कुठल्याच कागदावर सापडलं नाही, रुपयाच्या नाण्यानं शिकवलं. पेटीला जागोजाग नाण्यानं ठोकून बघा. दाराच्या मधोमध ठोकलं तर ढण्ण वाजतं आणि आवाज रेंगाळतो. मागच्या बाजूला, जिथं पेटी अँगलला वेल्ड केली आहे तिथं टक्‌ वाजून मरतं. सेन्सर टक्‌च्या जागी लावायचा. ढण्णच्या जागी लावला तर तुम्ही पत्र्याचा ताशा मोजताय, मोटार नाही. मी दाराला लावला होता, कारण तिथं जागा मोकळी होती.

चिकटवला होता फोमच्या दुहेरी टेपनं. हा दुसरा मूर्खपणा. हिवाळ्यात ठीक होतं. मेमध्ये रोज थोडा थोडा कल वाढताना दिसायला लागला, शेवटी सात अंश. मेव्हण्याला विचारलं, पेटी वाकली का? "नाही दाजी, पेटी सरळ हाय." टेपचा डिंक उन्हानं मऊ होऊन सेन्सरच खाली ओघळत होता. मग पितळी स्पेसर आणि स्क्रू. तिथंही गंमत. त्या बोर्डाला भोकं दोनच, तीही एकाच कडेला, म्हणजे दुसरी कड हवेत. ती पत्र्याबाहेर आलेल्या पन्हाळीसारखी थरथरते. आणि स्क्रू करकचून आवळले तर बोर्ड इतका बारीक वाकतो की डोळ्याला दिसत नाही, पण चिपला दिसतो, शून्याची जागा अर्ध्या अंशानं सरकते. स्क्रू बेतानं आवळून मोकळ्या कडेखाली एम-सीलची गोळी ठेवली. एम-सील पूर्ण वाळल्यावर मगच शून्य धरलं.

आता ऊन. परभणीच्या कृषी विद्यापीठातला आकडा पेपरात वाचून आम्ही हळहळतो, आज त्रेचाळीस म्हणे. पेटीच्या आत काय असतं ते कुणी छापत नाही. चिपच्या पोटात स्वतःचा थर्मामीटर असतो. मेमध्ये दुपारी तीनला त्यानं अडुसष्ट अंश सांगितले. पेटी करड्या रंगाची, पश्चिमेला तोंड करून, सावलीला एक बाभूळ पण नाही. कंपनीच्या कागदावर लिहिलेलं आहे की शून्य ते सत्तर अंशांत या चिपची शून्याची जागा आडव्या दोन दिशांना पस्तीस मिली-जीपर्यंत सरकू शकते, उभ्या दिशेला साठपर्यंत. पस्तीस म्हणजे दोन अंश. पेटी जागची हलली नाही तरी दुपारी दोन अंश कललेली, पहाटे परत सरळ. रोज. सूर्यफूल बरं.

सुरुवातीला मी प्रत्येक तापमानाचा तक्ता करायला बसलो होतो. मेव्हण्यानं सोडवलं. म्हणाला, "दाजी, ऊन हळूहळू चढतंय, चोर काय हळूहळू मोटार काढतोय व्हय?" बस्स. तेव्हापासून यंत्र गेल्या अर्ध्या तासाची सरासरी म्हणजे सरळ असं धरतं, आणि त्या सरळपासून दहा सेकंदांत पंधरा अंश फरक पडून तो टिकला तरच बोंब मारतं. उन्हाचे दोन अंश त्या सरासरीत विरघळतात. पेटीला पांढरा रंग दिला आणि वर दोन बोटं अंतर सोडून पत्र्याची टोपी बसवली, त्यानं आतलं तापमान दहा-अकरा अंशांनी उतरलं. बॅटरीचं मात्र ऐका. लिथियमचा सेल पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात. माझा एक फुगून उंडीएवढा झाला तेव्हा मला ते पटलं. आता सेल पेटीच्या बाहेर, पाइपात घालून जमिनीत दीड फूट.

उन्हाळा संपतो न संपतो तोच पाणी. पेटी आयपी ६५ ची आणली होती, म्हणजे धुळीला पूर्ण बंद आणि पिचकारीच्या पाण्याला भीत नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस दुपारी चारला आला, आणि दुसऱ्या दिवशी पेटीत बोटभर पाणी. रबर शाबूत, वायरी आत येतात तिथले ग्लँड घट्ट. हे मला बरेच दिवस कोडं होतं. उलगडा असा, की चारला पेटीतली हवा साठ अंशांची. गार पाऊस पडला, पाच मिनिटांत ती पंचवीसवर. डब्यातली हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो, इथं साधारण एक दशांश. म्हणजे मीटरभर पाण्याच्या दाबाएवढी ओढ. पेटी आतून पाणी शोषत होती, आणि रबरावर बाहेर पाणी उभंच होतं. पिचकारी बाहेरून मारतात त्याचं प्रमाणपत्र आहे, पेटीनं स्वतः ओढून घेतलं तर त्याचं नाही. जितकी पेटी घट्ट कराल तितकी ती एखाद्या बारीक जागेतून जोरानं ओढते. गरम तव्यावर वाटी पालथी घालून बघा.

म्हणून बुडाला भोक पाडायचं. हवा आतबाहेर झाली की ओढच उरत नाही, आणि जमलेलं दवही ठिबकून जातं. हवा जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा पडदा असलेले बटणाएवढे व्हेंट मिळतात, ते उत्तम. मी पैसे वाचवून नुसतं भोक ठेवलं. आठ दिवसांत कुंभारमाशीनं ते चिखलानं असं लिंपलं की गवंड्यानं तोंडात बोट घालावं. आता भोकावर स्टीलची बारीक जाळी आहे. आणि हो, पेटीत ४१५ व्होल्ट असतात. पावसानंतर उघडण्याआधी बाहेरून टेस्टर लावायचा, अर्थिंग आहे म्हणून कुणी सांगितलं तरी लावायचा.

या सगळ्यानंतर दुसरं यंत्र केलं ते विहिरीच्या तोंडाशी, थेट पाइपाला. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या नळीत सेन्सर, दोन्ही बाजूंनी टोप्या. तिथून पेटीपर्यंत वीस फूट वायर. चिपची भाषा वीतभर अंतराची आहे, मोटारीच्या केबलशेजारून वीस फूट नेली की नुसता कचरा. म्हणून नळीतच एक छोटा कंट्रोलर बसवला. तो स्वतःच ठरवतो आणि वायरवरून फक्त हो किंवा नाही पाठवतो. स्टीलच्या नळीचा एक फायदा म्हणजे ३०४ ला चुंबक धरत नाही. पण ती वाकवली किंवा वेल्ड केली त्या जागी थोडं धरतं. भांड्यांच्या दुकानात चुंबक घेऊन जाणाऱ्या मावश्यांनी हे ध्यानात घ्यावं, काठाला थोडं चिकटलं म्हणून दुकानदाराशी भांडू नये.

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास माझ्या फोनवर तीन मेसेज लागोपाठ आले. पेटीवरच्या यंत्राचा, विहिरीवरच्या यंत्राचा आणि दुकानात फळीवर चाचणीला ठेवलेल्याचा. कलासाठी नव्हे, धक्क्यासाठी वेगळी खूण ठेवली होती, ती. मी कपबशी हातात घेऊन विचार करत होतो की तिन्ही एकदम कशी बिघडली, तोवर शेजारी बाहेर पळताना दिसले. माझ्या घरावरचे पत्रे वाजले ते मला ऐकू आलं होतं, पण वांदर असतील वाटलं. साडेचार तीव्रतेचा भूकंप, केंद्र आमच्याच हिंगोली जिल्ह्यात. पांगरा शिंदे गावाच्या बाजूला जमिनीतून आवाज येतात हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलोय, त्यामुळं लोक घाबरले तरी चक्रावले नाहीत. आई मात्र दिवसभर अंगणात बसून होती. ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीच्या पहाटे, मी तेरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले. तीन छप्पन्नला आमची भांडी फळीवरून पडली, आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर गावांची नावं ऐकताना आई जशी बसली होती तशीच ती त्या दिवशी बसली.

तेव्हापासून गल्लीत माझ्या यंत्राचा बोलबाला. एक काका रोज येऊन विचारतात, "भूकंप आधी सांगतंय का?" आधी सांगत नाही काका, त्याच वेळी सांगतंय, आणि तेही जोराचा असला तरच. तुमच्या पत्र्यापेक्षा फार हुशार नाही ते. एक मात्र मी नोंदीत बघितलं, दुकानात फळीवर ठेवलेल्या यंत्रानं शेतातल्या दोघांपेक्षा मोठा धक्का दाखवला होता. भूकंप काही दुकानात जास्त झाला नव्हता. फळी पातळ होती. परत ढण्ण आणि टक्‌.

त्या हिवाळ्यात यंत्रानं एकदाही खोटी हाक मारली नाही. पुसाच्या अमावास्येला मी मामांना फोन लावून विचारलं, सगळं ठीक ना, तर ते म्हणाले, "तुमचं यंत्र हाय म्हणून आता आखाड्यावर कुणी झोपत नाही." मला बरं वाटलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मेव्हण्याचा फोन. सकाळी सहाचा.

"दाजी, मोटार हाय जागेवर."

"मग?"

"केबल गेली. विहिरीपासून पेटीपर्यंत सगळी कापून नेली."

मी नोंदी उघडल्या. रात्रभर पेटी सरळ, पाइप सरळ. पहाटे तीनच्या सुमाराला विहिरीवरच्या सेन्सरनं अर्ध्या अंशाहून कमी कल दाखवला होता, आणि लगेच तोही गप्प. त्याची वायर केबललाच बांधलेली होती. वायर तुटली तर मेसेज पाठवायचा, हे लिहायचं माझं राहिलं होतं. 'नाही' आणि 'काहीच नाही' हे दोन्ही पेटीतल्या यंत्राला सारखंच दिसत होतं.

नवीन केबल टाकली तेव्हा तिच्यासोबत एक बारीक तार परत फिरवून आणली आहे. तिच्यातून अगदी थोडा करंट सतत फिरतो, तुटला की फोन वाजतो. परवा उंदरानं कुरतडली.